राष्ट्रीय वाहन परवान्याने अमेरिकेतील सराईत मद्यपी चालक थांबतील का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत २०२३ साली दारू प्यायलेल्या चालकांशी संबंधित अपघातांत १२,४२९ माणसे दगावली. म्हणजे दिवसाला सरासरी ३४. ज्याला याआधीही याच गुन्ह्यासाठी पकडले होते, अशा चालकाने कुणाचा जीव घेतला की प्रत्येक वेळी एकच मागणी पुढे येते: पन्नास राज्यांचे पन्नास परवाने बंद करा आणि साऱ्या देशासाठी एकच परवाना काढा. ही मागणी करणाऱ्यांचे दुःख खरे असते, म्हणूनच ती नीट तपासून पाहायला हवी. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया अशा राज्यांत राहणारे मराठी वाचक आणि भारतातून हा विषय समजून घेऊ पाहणारे वाचक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

अमेरिकेत वाहन परवाना केंद्र सरकार देत नाही का?

नाही. परवाना देणे, निलंबित करणे आणि रद्द करणे हे तिन्ही अधिकार राज्यांकडे आहेत. राज्यघटनेने केंद्राला स्पष्टपणे न दिलेले अधिकार दहाव्या दुरुस्तीनुसार राज्यांकडे राहतात, आणि रस्त्यावरील सुरक्षेचा कारभार त्यातच मोडतो. एका राज्याचा परवाना इतर राज्यांत चालतो, परंतु माणूस राहायला दुसऱ्या राज्यात गेला की ठरावीक मुदतीत त्याला तिथला परवाना घ्यावा लागतो आणि जुना जमा करावा लागतो. राष्ट्रीय परवान्याची मागणी करणाऱ्यांचे बोट नेमके या बदलाच्या क्षणाकडे असते.

एका राज्याने परवाना रद्द केला, तर तोच माणूस शेजारच्या राज्यात जाऊन नवा परवाना काढू शकतो का?

एके काळी हे सर्रास होत असे. आता ते अवघड झाले आहे, मात्र पूर्णपणे बंद झालेले नाही.

१९६० साली केंद्र सरकारने राष्ट्रीय चालक नोंदवही सुरू केली. ज्यांचे परवाने निलंबित किंवा रद्द झाले आहेत किंवा ज्यांना गंभीर वाहतूक गुन्ह्यांसाठी शिक्षा झाली आहे, त्यांची नावे राज्यांनी या नोंदवहीकडे कळवायची असतात. १९८२ च्या कायद्याने तिची रचना बदलली. तेव्हापासून केंद्राकडे संपूर्ण इतिहास ठेवला जात नाही. अमुक व्यक्तीची नोंद अमुक राज्याकडे आहे, एवढा निर्देश तेवढा असतो. नवा परवाना देण्यापूर्वी राज्याचा कर्मचारी अर्जदाराचे नाव आणि जन्मतारीख या यंत्रणेत टाकतो, निर्देश सापडला तर संबंधित राज्याकडून तपशील मागवतो आणि मग निर्णय घेतो. याच्या जोडीला 'चालक परवाना करार' नावाचा आंतरराज्य करार आहे. 'एक चालक, एक परवाना, एक नोंद' हे त्याचे सूत्र. बहुतेक राज्ये त्यात सामील आहेत. परराज्यात झालेली शिक्षा चालकाच्या मूळ राज्याला कळवावी आणि मूळ राज्याने ती आपल्याच हद्दीत झाल्यासारखी मानावी, असे हा करार सांगतो.

थोडक्यात, राष्ट्रीय परवान्याकडून ज्या कामाची अपेक्षा आहे, त्याचा मोठा भाग कागदावर साठ वर्षांहून अधिक काळ अस्तित्वात आहे.

कागदावर सगळे असूनही माणसे का सुटतात?

या प्रश्नाचे उत्तर २०१९ सालच्या एका घटनेत दडले आहे, म्हणून ती जरा विस्ताराने सांगतो.

२१ जून २०१९ रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातील रँडॉल्फ या लहानशा गावाजवळ एक पिकअप ट्रक, मागे मोकळा ट्रेलर जोडलेला, मोटारसायकलस्वारांच्या जथ्यावर आदळला आणि सात जण जागीच किंवा काही क्षणांत मरण पावले. मृतांत माजी मरीन सैनिक आणि त्यांचे जोडीदार होते. ट्रकचा चालक मॅसॅच्युसेट्सचा व्यावसायिक परवानाधारक होता. सहाच आठवड्यांपूर्वी, मे महिन्यात, कनेटिकट राज्यात नशेत गाडी चालवल्याच्या संशयावरून त्याला अटक झाली होती आणि त्याने तपासणीला नकार दिला होता. कनेटिकटने आपले काम चोख केले होते. सूचना मॅसॅच्युसेट्सच्या परवाना विभागापर्यंत पोचलीही होती. मात्र ती कुणीतरी माणसाने उघडून, पाहून नोंदवायची होती, आणि तसे कुणी केले नाही. परवाना शाबूत राहिला.

नंतर चौकशी झाली, तेव्हा या विभागात परराज्यांतून टपालाने आलेल्या हजारो सूचना खोक्यांत भरून ठेवलेल्या सापडल्या. महिनोन्महिने त्यांना कुणी हात लावला नव्हता. विभागप्रमुखांना राजीनामा द्यावा लागला आणि साचलेले कागद नोंदवल्यावर हजारांहून अधिक चालकांचे परवाने निलंबित करावे लागले. त्या प्रत्येक कागदामागे एक चालक होता, जो त्या काळात बिनदिक्कत रस्त्यावर होता. येथे हेही नोंदवणे आवश्यक आहे की रँडॉल्फच्या खटल्यात २०२२ साली ज्युरीने त्या ट्रकचालकाला निर्दोष ठरवले. अपघातास तोच कारणीभूत होता, हे सिद्ध झाले नाही. परंतु परवाना विभागातील खोकी मात्र वादातीत होती.

आता विचार करा, त्या दिवशी अमेरिकेत राष्ट्रीय परवाना असता तर काय बदलले असते? परवान्यावर राज्याऐवजी देशाचे नाव असते. अटकेची सूचना मात्र कुणीतरी नोंदवावीच लागली असती. ती आपोआप, त्याच दिवशी नोंदली जाण्याची व्यवस्था असती तरच फरक पडला असता, आणि अशी व्यवस्था परवाना न बदलताही उभी करता येते. माझे या विषयावरील मत मुख्यतः या घटनेच्या अभ्यासातून बनले आहे.

'दुसरा गुन्हा' सगळीकडे एकाच अर्थाने दुसरा धरला जातो का?

धरला जात नाही, आणि राष्ट्रीय परवान्याच्या बाजूने असलेला सर्वांत सबळ मुद्दा मला हाच वाटतो.

विस्कॉन्सिनमध्ये दारू पिऊन गाडी चालवण्याचा पहिला प्रसंग हा सहसा फौजदारी गुन्हाच मानला जात नाही. दंड भरून तो निकालात निघतो. न्यू जर्सीतही हे कृत्य वाहतूक नियमभंगाच्या सदरात मोडते. पुन्हा, मागचा गुन्हा किती वर्षांपर्यंत मोजायचा याचे हिशेब निरनिराळे आहेत. कॅलिफोर्नियात दहा वर्षे मागे पाहतात, तर मॅसॅच्युसेट्समध्ये आयुष्यभराचा हिशेब ठेवतात. म्हणजे बारा वर्षांपूर्वी पकडलेला माणूस आज पुन्हा सापडला, तर एका राज्यात तो पहिलटकर ठरतो आणि दुसऱ्यात सराईत. त्यात वकिलाने तडजोड करून मूळ आरोपाचे 'बेदरकार वाहन चालवणे' असे सौम्य कलम करून घेतले असेल, तर पुढच्या राज्याच्या यादीत दारूचा उल्लेखही उरत नाही.

केंद्राने येथे हस्तक्षेप केलेला आहे. १९९८ च्या महामार्ग कायद्याने, पाच वर्षांत दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्यांसाठी राज्यांनी किमान शिक्षा ठेवावी, अन्यथा महामार्ग निधीचा काही भाग सुरक्षेच्या कामांकडे वळवला जाईल, अशी अट घातली. पण किमान म्हणजे किमानच. गुन्ह्याची व्याख्या, जुन्या नोंदींची मुदत आणि तडजोडीची सूट या तीन बाबतींत एकवाक्यता आली, तर परराज्यातून आलेल्या नोंदीला खरे वजन येईल.

राष्ट्रीय पातळीवर असा प्रयोग पूर्वी झाला आहे का?

झाला आहे, ट्रक आणि बसचालकांच्या बाबतीत. १९८० च्या दशकापर्यंत लांब पल्ल्याचे काही ट्रकचालक तीन-चार राज्यांचे परवाने खिशात बाळगत आणि पोलिसाने अडवले की ज्यावर कमी नोंदी असतील तो पुढे करत. १९८६ च्या कायद्याने हा प्रकार बंद केला. परवाना राज्यच देते, पण निकष केंद्राचे. एका माणसाजवळ एकच परवाना. आणि सर्व राज्यांना जोडणारी एकच माहिती प्रणाली. १ एप्रिल १९९२ पासून हे सर्वत्र लागू झाले. व्यावसायिक वाहन चालवताना रक्तातील मद्यार्काची मर्यादा ०.०४ टक्के, म्हणजे सामान्य मर्यादेच्या निम्मी, ठेवण्यात आली. पहिल्या गुन्ह्याला एक वर्ष बंदी, दुसऱ्याला आजन्म बंदी. काही राज्यांत दहा वर्षांनंतर फेरविचार होऊ शकतो. जानेवारी २०२० पासून व्यावसायिक चालकांच्या मद्य व अमली पदार्थ चाचण्यांतील उल्लंघनांची केंद्रीय नोंदही ठेवली जाते आणि नोकरी देण्यापूर्वी मालकाला ती पाहावीच लागते.

या प्रयोगाने अनेक परवाने बाळगण्याचा खेळ संपवला, हे मान्य करायलाच हवे. पण दोन गोष्टी विसरता कामा नयेत. ट्रकचालकाचा परवाना हे त्याचे पोट असते आणि त्याच्यावर मालकाची नजर असते. रात्री बारमधून निघून स्वतःच्या गाडीत बसणाऱ्या माणसावर अशी नजर कुणाचीच नसते. दुसरे म्हणजे, वर सांगितलेला मॅसॅच्युसेट्सचा चालक याच व्यावसायिक व्यवस्थेतील परवानाधारक होता.

परवाना काढून घेतला की माणूस गाडी चालवायचे थांबवतो, हे गृहीत कितपत खरे आहे?

फारसे खरे नाही. निलंबित चालकांपैकी निम्म्याहून अधिक लोक गाडी चालवतच राहतात, असे अमेरिकेतील अभ्यासांतून वारंवार दिसले आहे. त्यामागे केवळ बेफिकिरी नसते. न्यूयॉर्क, शिकागो अशी मोजकी शहरे सोडली, तर बहुतेक अमेरिकेत दूध आणायलाही गाडी लागते. बस नाही, रिक्षा नाही, चालत जायला पदपथ नाही. परवाना गेलेला माणूस सावकाश, आडरस्त्याने, पोलिसांची नजर चुकवत का होईना, पण कामावर जातो.

प्लास्टिकचा तो चौकोनी तुकडा गाडीच्या किल्लीला बांधलेला नसतो. तो राज्याचा असो वा राष्ट्राचा, खिशात असो वा जप्त झालेला असो, इंजिन त्याला विचारून सुरू होत नाही. शिवाय पुन्हा पुन्हा पकडले जाणारे बहुसंख्य चालक आपल्याच राज्यात, बहुधा आपल्याच तालुक्याएवढ्या परिसरात, पुन्हा पकडले जातात. राज्याची सीमा ओलांडून नवा परवाना मिळवणारे त्यांच्या तुलनेत थोडे. राष्ट्रीय परवाना या थोड्यांची वाट अडवील. बाकीच्यांना तो शिवणारही नाही.

इंजिनच विचारील अशी काही सोय आहे का?

आहे. तिला इग्निशन इंटरलॉक म्हणतात. स्टिअरिंगजवळ मोबाइलएवढे एक यंत्र वायरने गाडीच्या सुरू होण्याच्या प्रणालीला जोडलेले असते. चालकाने त्याच्या नळीत काही सेकंद सलग फुंकायचे. श्वासात ठरलेल्या प्रमाणापेक्षा अधिक मद्यार्क सापडला तर गाडी सुरूच होत नाही. शेजाऱ्याकडून फुंकून घेऊन निघालो, असे करता येऊ नये म्हणून वाटेत मधूनमधून यंत्र वाजते आणि पुन्हा फुंकायला सांगते; अनेक यंत्रांत फुंकणाऱ्याचा फोटो काढणारा कॅमेराही असतो. प्रत्येक फुंकर तारीख-वेळेसह साठवली जाते. सकाळी साडेसात वाजता मुलांना शाळेत सोडायला निघालेल्या बापाला, आदल्या रात्रीची दारू अजून उतरलेली नाही म्हणून, मुलांच्या देखत हे यंत्र नकार देते. तो नकार न्यायाधीशाच्या कुठल्याही उपदेशापेक्षा जास्त बोचतो.

हे यंत्र बसवलेले असताना त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा अटक होण्याचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांशाने घटते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसले आहे. न्यू मेक्सिकोने २००५ साली पहिल्याच गुन्ह्यापासून ते सर्वांना सक्तीचे केले आणि पुढे अनेक राज्यांनी तो मार्ग धरला. त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे: यंत्र काढले की परिणाम ओसरतो. ते दारू सोडवत नाही. दारू आणि चाक यांची गाठ पडू देत नाही, एवढेच.

दारूच सुटावी यासाठी काही करता येते का?

साउथ डकोटा राज्याने २००५ मध्ये सुरू केलेला '२४/७ सोब्रायटी' हा उपक्रम या बाबतीत विशेष अभ्यासण्याजोगा आहे. वारंवार पकडल्या गेलेल्या माणसाने दररोज सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या केंद्रावर येऊन फुंकायचे, किंवा घोट्याला चोवीस तास मद्यार्क मोजणारे कडे घालायचे. चाचणीत दोष आढळला तर त्याच वेळी एक-दोन दिवस कोठडी. शिक्षा लहान, पण टळत नाही आणि लांबतही नाही. रँड या संशोधन संस्थेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ज्या काउंटींत (राज्यातील जिल्ह्यांसारख्या विभागांत) हा उपक्रम राबवला गेला तेथे दुसऱ्यांदा दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दलच्या अटका १२ टक्क्यांनी आणि घरगुती हिंसाचारासाठीच्या अटका ९ टक्क्यांनी कमी झाल्या. दुसरा आकडा मला पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो, कारण या गुन्ह्याची झळ रस्त्याच्या आधी घरात बसत असते.

भारतात तर एकच परवाना देशभर चालतो. तिथे हा प्रश्न सुटला आहे का?

भारताचे उदाहरण राष्ट्रीय परवान्याच्या चर्चेत क्वचितच येते, पण ते यायला हवे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार पुण्याच्या आरटीओने दिलेला परवाना गुवाहाटीतही वैध असतो आणि एका माणसाला एकाहून अधिक परवाने ठेवता येत नाहीत. परवान्यांची माहिती 'सारथी' या संगणक प्रणालीत आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने परवान्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद कायद्यातच केली. मद्यार्काची मर्यादाही अमेरिकेपेक्षा कडक आहे: १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, तर अमेरिकेत बहुतेक राज्यांत ८०. कलम १८५ नुसार पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

म्हणजे अमेरिकेत जे मागितले जात आहे ते भारतात जवळजवळ सारे आहे. तरीही ३१ डिसेंबरच्या रात्री नाकाबंदीत सापडलेल्या माणसावर दुसऱ्या गुन्ह्याचे कलम लागायचे असेल, तर पहिल्या गुन्ह्याचा निकाल लागलेला असावा लागतो, तो नोंदला गेलेला असावा लागतो आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या हवालदाराला तो त्या क्षणी दिसावा लागतो. या साखळीतील एकही कडी परवान्याच्या राष्ट्रीय असण्याने आपोआप घडत नाही. १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेणाऱ्या अपघातात गाडी चालवल्याचा आरोप असलेला मुलगा सतरा वर्षांचा होता. त्या वयात मोटारीचा परवाना मिळतच नाही.

इतर देशांचा अनुभव काय सांगतो?

जर्मनीत परवाना राष्ट्रीय आहे आणि गुन्ह्यांची नोंद फ्लेन्सबुर्ग शहरातील केंद्रीय कार्यालयात होते. रक्तात १.६ प्रति हजार (म्हणजे ०.१६ टक्के) किंवा त्याहून अधिक मद्यार्क सापडला, किंवा माणूस पुन्हा पकडला गेला, तर परवाना परत मिळवण्यासाठी त्याला वैद्यकीय-मानसशास्त्रीय परीक्षा द्यावी लागते. ही परीक्षा इतकी कठीण मानली जाते की एके काळी कित्येक जर्मन चालक शेजारच्या चेक प्रजासत्ताकात जाऊन परवाना घेऊन येत. अखेर युरोपीय संघाला २००९ पासून नियम बदलून ही पळवाट अरुंद करावी लागली. एका देशाने आपले घर नीट लावले तरी कुंपणापलीकडे दुसरा परवाना मिळत असेल तर माणसे जातात. हा अनुभव राष्ट्रीय परवान्याच्या बाजूचा आहे आणि तो मी नाकारत नाही. त्याच वेळी हेही दिसते की जर्मनीत धाक त्या परीक्षेचा होता. ब्रिटनमध्येही दहा वर्षांत दोनदा बंदी आलेल्या मद्यपी चालकाला 'उच्च जोखमीचा' मानून वैद्यकीय तपासणीशिवाय परवाना परत देत नाहीत.

रिअल आयडी हाच राष्ट्रीय परवाना नव्हे का?

नव्हे. २००५ चा रिअल आयडी कायदा ओळखीच्या पुराव्याचे निकष ठरवतो. तो विमानतळावर उपयोगी पडतो. चालकाच्या वर्तनाशी त्याचा संबंध नाही. २००५ मध्ये झालेला कायदा राज्यांच्या विरोधामुळे आणि मुदतवाढींमुळे प्रत्यक्ष अमलात यायला ७ मे २०२५ उजाडला, यावरून पूर्ण राष्ट्रीय परवान्याला किती वर्षे लागतील याचा अंदाज करता येतो.

मग केंद्र सरकारच्या हाती काहीच नाही का?

हाती पैसा आहे, आणि तो पुरेसा ठरतो. दारू पिण्याचे किमान वय देशभर २१ झाले ते १९८४ च्या कायद्यामुळे. वय न वाढवणाऱ्या राज्यांचा महामार्ग निधी कापला जाणार होता. साउथ डकोटाने त्याला आव्हान दिले आणि १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या बाजूने निकाल दिला. मद्यार्काची ०.०८ टक्के मर्यादाही याच मार्गाने, २००० साली अट घालून, २००४ पर्यंत सर्व राज्यांत आली. पुढे यूटाने स्वतःहून ती ०.०५ केली.

हीच वाट पुन्हा धरावी, असे मला वाटते. परराज्यातील अटक वा शिक्षेची नोंद ठरावीक तासांत संगणकावरूनच व्हावी, तडजोडीत दारूचा उल्लेख पुसता येऊ नये, जुन्या गुन्ह्यांची मुदत सर्वत्र सारखी असावी आणि दुसऱ्या गुन्ह्यानंतर इंटरलॉकसोबत उपचारही सक्तीचे असावेत. ज्या राज्याला हे नको असेल त्याने निधीचा वाटा सोडावा. यासाठी एकाही माणसाचा परवाना बदलावा लागत नाही.

अमेरिकेत व्हिसावर राहणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावे?

व्हिसाधारकाच्या बाबतीत दोषी ठरण्याचीही वाट पाहिली जात नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल केवळ अटक झाली, तरी परराष्ट्र खाते व्हिसा रद्द करू शकते, आणि तसे अनेकदा केले जाते. देशात असलेल्या माणसाला त्यामुळे लगेच निघून जावे लागतेच असे नाही, परंतु पुढच्या वेळी भारतात आल्यावर नव्या व्हिसासाठी अर्ज, वैद्यकीय तपासणी आणि प्रतीक्षा यांना तोंड द्यावे लागते. नोकरी बदलून न्यू जर्सीहून टेक्सासला गेलात आणि नव्या परवान्याच्या अर्जात आधीच्या निलंबनाचा उल्लेख टाळलात, तर खोटी माहिती देणे हा वेगळा गुन्हा होतो. अटक झालीच असेल तर फौजदारी वकिलाबरोबर इमिग्रेशनच्या वकिलाचाही सल्ला पहिल्याच आठवड्यात घ्यावा, कारण न्यायालयात मान्य केलेल्या आरोपाचा शब्द न् शब्द पुढे वाणिज्य दूतावासातील खिडकीवर वाचला जातो.